शेठजींचा वकील

माझ्या वडिलांना नानी पालखीवाला अजिबात आवडायचे नाहीत. बाबा बँकेत होते, पक्के युनियनवाले, आणि १९ जुलै १९६९, म्हणजे ज्या दिवशी इंदिराबाईंनी १४ बँका सरकारच्या ताब्यात घेतल्या तो दिवस आमच्या घरात सणासारखा सांगितला जायचा. आणि त्याच्या विरोधात सुप्रीम कोर्टात उभा राहिला तो हा माणूस. त्यामुळे पालखीवालांचं नाव निघालं की बाबा पेपरमधून डोकं वर न काढता एवढंच म्हणायचे, "शेठजींचा वकील." विषय कट.

आता खरं सांगायचं तर बाबांचं काही चुकत नव्हतं. अशिलांची यादी काढून बघा ना. बँकांचे शेअरहोल्डर, तनखे (सरकारकडून मिळणारी वार्षिक रक्कम) बंद झालेले संस्थानिक, जमीन जाणारा एक मठ, टाटा, आणि इन्कम टॅक्सच्या नोटिसा आलेल्या बड्या बड्या कंपन्या. स्वतः टाटा समूहात संचालक, एसीसी या सिमेंट कंपनीचे अध्यक्ष. गिरणी कामगारांच्या सभेत या माणसाच्या नावाने टाळ्या पडणं शक्यच नव्हतं. आणि तरीही आज पार्लमेंटमध्ये कुठलंही वादग्रस्त बिल आलं की डावे, उजवे, मधले सगळेच "हे घटनेच्या मूलभूत चौकटीला धक्का लावणारं आहे" असं ज्या जोरात ओरडतात ना, ती चौकट कोर्टाच्या गळी उतरवणारा हाच तो शेठजींचा वकील. हे कसं झालं ते मला बरीच वर्षं नीट कळलं नव्हतं. म्हणून हा लेख, थोडा लांबेल, चहा घेऊन बसा.

जन्म १६ जानेवारी १९२०, मुंबई, मध्यमवर्गीय पारशी घर. लहानपणी चक्क तोतरे होते. ज्याचं बोलणं ऐकायला पुढे स्टेडियम भरायचं तो मुलगा शाळेत वाक्य पुरं करताना अडखळायचा, आणि त्यावर त्याने उपाय काय शोधला तर वक्तृत्व स्पर्धेत नाव द्यायचं! सेंट झेवियर्समधून इंग्रजीत एमए केलं, कारण व्हायचं होतं प्राध्यापक. मुंबई विद्यापीठात लेक्चररच्या जागेसाठी अर्ज केला, जागा दुसऱ्याच उमेदवाराला मिळाली. मग आता काय करायचं म्हणून गव्हर्न्मेंट लॉ कॉलेज. ती नोकरी मिळाली असती तर मुंबईच्या दोन-चार पिढ्यांना इंग्रजी कविता फार सुंदर शिकवली गेली असती आणि घटनेचं काय झालं असतं कोण जाणे.

१९४६ ला सनद, आणि सर जमशेदजी कांगांच्या चेंबरमध्ये प्रवेश. मुंबई हायकोर्टातलं हे चेंबर म्हणजे एक घराणंच म्हणायला हवं, गाण्यात असतं तसं. सीरवाई तिथले, पालखीवाला तिथले, नंतर फली नरिमन, सोली सोराबजी सगळे तिथूनच. यातल्या सीरवाईंचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझी त्यांच्याशी पहिली ओळख झाली ती पुस्तकातून. मी फोर्टात आर्टिकलशिप, म्हणजे उमेदवारी, करत होतो तेव्हा आमच्या ऑफिसात कुठलाही प्रश्न अडला की साहेब मान न हलवता म्हणायचे, "कांगा बघ." कांगा बघ म्हणजे कांगा आणि पालखीवालांचं इन्कम टॅक्सवरचं पुस्तक, पहिली आवृत्ती १९५०. तेव्हा पालखीवाला तिशीचे. नाव आधी गुरूचं, मग शिष्याचं, पण लिहिण्याची मेहनत जवळजवळ सगळी शिष्याची हे फोर्टातल्या पट्टेवाल्यांना पण माहीत होतं. आमच्या ऑफिसची प्रत इतकी हाताळलेली की पुठ्ठा वेगळा आणि पानं वेगळी, आणि कोणीतरी जुन्या आर्टिकलने घसाऱ्याच्या कलमाशेजारी पेन्सिलीने "इथेच उत्तर आहे, शांतपणे वाच" असं लिहून ठेवलेलं. आणि खरंच असायचं. त्या पुस्तकाची खुबी अशी की पानावर वर चार ओळी आणि खाली तळटिपांचा डोंगर, पण त्या वरच्या चार ओळी वाचल्यावर कलमाचा अर्थ असा स्वच्छ दिसायचा की सरकारने तो कायदा इतक्या अवघड भाषेत का लिहिला असेल असा प्रश्न पडावा. टॅक्सच्या पुस्तकात कोणी सुंदर वाक्य लिहू शकतं हे मला तिथे कळलं. ते निघालं १९२२ च्या कायद्यावर, मग १९६१ चा कायदा आला त्यावर ते पुन्हा उभं राहिलं, आता १९६१ चा पण गेला आणि २०२५ चा आला. आम्ही सगळे पुन्हा कलमांचे नंबर पाठ करतोय, ते सोडा.

त्यांच्या सुरुवातीच्या केसेसमधली एक मला फार आवडते कारण ती आपल्याकडची आहे आणि कोणाला आठवत नाही. १९५४. मुंबई सरकारने, मोरारजीभाई मुख्यमंत्री, जानेवारीत एक हुकूम काढला की इंग्रजी माध्यमाच्या वर्गात ज्यांची भाषाच इंग्रजी आहे अशीच मुलं घ्यायची, म्हणजे अँग्लो-इंडियन आणि बिगर आशियाई वंशाचे नागरिक. बाकीच्यांनी आपापल्या भाषेत शिकावं. देवळालीच्या बार्न्स स्कूलने त्यामुळे मुलांना प्रवेश नाकारले, त्यात गुजराती मातृभाषा असलेल्या एका डॉक्टरांचा मुलगा होता. प्रकरण हायकोर्टात मुख्य न्यायाधीश छागलांसमोर, मग सुप्रीम कोर्टात, आणि दोन्हीकडे सरकार हरलं. घटनेचं २९(२) कलम सांगतं की सरकारी किंवा अनुदानित शाळेत केवळ धर्म, वंश, जात, भाषा यावरून कोणाला प्रवेश नाकारता येणार नाही. सरकारचं म्हणणं, ते कलम अल्पसंख्याकांसाठी आहे, तर कोर्ट म्हणालं नाही, ते कुठल्याही नागरिकासाठी आहे. पालखीवालांना सनद मिळून जेमतेम आठ वर्षं झाली होती.

आता मराठी शाळांचं काय झालं ते आपण बघतोच आहोत आणि त्याबद्दल माझी स्वतःची मतं आहेत, मोरारजीभाईंच्या हेतूशी मी अर्धा तरी सहमत होईन. पण भाषा वाचवायची तर आपल्या शाळा चांगल्या करा, दुसऱ्या शाळेच्या फाटकावर मुलाची मातृभाषा तपासणारा शिपाई कशाला उभा करता? हा झाला माझा वैताग, पुढे चला.

१९६८ मध्ये त्यांना भारताचे ॲटर्नी जनरल व्हा म्हणून विचारणा झाली. सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्तिपदाचं आमंत्रण पण त्यांनी घेतलं नव्हतं. ॲटर्नी जनरलच्या बाबतीत त्यांनी बऱ्याच चर्चेनंतर हो म्हटलं होतं, रात्रीत विचार बदलला आणि सकाळी कायदामंत्र्यांना सांगून टाकलं की नको. पद गेलं निरेन डे यांच्याकडे. मी कधीकधी विचार करतो की ते हो वर ठाम राहिले असते तर? पुढच्या पाच-सात वर्षांत ज्या ज्या केसमध्ये ते सरकारच्या समोर उभे राहिले त्या प्रत्येक केसमध्ये सरकारच्या बाजूने उभं राहणं त्यांचं कामच झालं असतं. निरेन डे यांना ते करावं लागलं आणि ते त्यांनी शेवटपर्यंत केलं.

तर बँकांची केस. कूपर नावाचे शेअरहोल्डर अर्जदार, ११ न्यायाधीश, निकाल १० फेब्रुवारी १९७०, दहा विरुद्ध एक, राष्ट्रीयीकरणाचा कायदा रद्द. तो एक म्हणजे न्या. ए. एन. रे, हे पण नाव लक्षात ठेवा. बाबांच्या बँकेत त्या दिवशी सुतकी कळा होती म्हणे. पण चार दिवसांत सरकारने नवा वटहुकूम काढला, नुकसानभरपाई वाढवली, बँका सरकारच्याच राहिल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संस्थानिकांच्या तनख्यांची केस, पुन्हा पालखीवाला, पुन्हा जिंकले, आणि पुढच्या वर्षी घटनादुरुस्ती करून तनखे गेले ते गेलेच. म्हणजे बघा, हा माणूस कोर्टात जिंकतोय आणि अशिलाच्या हातात शेवटी काहीच पडत नाहीये. कोर्टात हरलो ना, मग घटनाच बदलू, बहुमत आहेच. शेठजींना शेठजींचा वकील तसा परवडला नाही म्हणायचा!

इथे प्रश्नच बदलला. बँक कोणाची, तनखा कोणाचा हे बाजूला पडलं आणि मूळ मुद्दा उघडा पडला की घटना बदलण्याचा अधिकार संसदेला आहे हे मान्य, पण किती? सगळीच बदलता येते का? उद्या निवडणुकाच नकोत अशी दुरुस्ती दोन तृतीयांश बहुमताने केली तर?

ही कल्पना पालखीवालांच्या डोक्यातून निघाली असं नाही हं. डिट्रिच कॉनराड नावाच्या एका जर्मन प्राध्यापकाने १९६५ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात व्याख्यान देताना असे प्रश्न टाकले होते. जर्मनांनी वायमारची, म्हणजे हिटलरच्या आधीची, घटना डोळ्यांदेखत आतून पोखरली जाताना पाहिलेली, त्यामुळे नव्या घटनेत त्यांनी काही गोष्टी दुरुस्तीच्या पलीकडे ठेवल्या. एम. के. नंबियार यांनी तो विचार उचलून गोलकनाथ केसमध्ये, म्हणजे संसदेच्या याच अधिकारावरच्या आधीच्या केसमध्ये, मांडून पाहिला होता, तेव्हा कोर्टाने वेगळ्याच वाटेने निकाल दिला. पण कल्पना असणं वेगळं आणि ती १३ न्यायाधीशांसमोर महिनोन्महिने लावून धरणं वेगळं.

अर्जदार कोण, तर केरळमधल्या कासरगोडजवळच्या एडनीर मठाचे तरुण स्वामी, केशवानंद भारती. मठाची जमीन केरळच्या जमीन सुधारणा कायद्यात जात होती. स्वामी शंकराचार्यांच्या परंपरेतले, शास्त्रीय संगीत गाणारे, यक्षगानाला आश्रय देणारे. त्यांची आणि पालखीवालांची आयुष्यात एकदाही प्रत्यक्ष भेट झाली नाही असं सांगतात, आणि पेपरात रोज आपलं नाव का येतंय याचंच स्वामींना नवल वाटायचं. सुनावणी ३१ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाली, २३ मार्च १९७३ ला संपली, कामकाजाचे दिवस ६८. आजपर्यंतचं सर्वात मोठं घटनापीठ. आणि समोर केरळ सरकारतर्फे कोण, तर सीरवाई! एकाच चेंबरमधले दोन पारशी, एक म्हणतोय संसदेला मर्यादा आहे, दुसरा म्हणतोय नाही, घटनेत तसं कुठे लिहिलंय दाखव.

आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर वाचताना सीरवाई जास्त पटतात. घटनेत खरंच कुठे लिहिलेलं नाही. घटनादुरुस्तीचं कलम ३६८ वाचा, मर्यादेचा शब्द नाही. निवडून न आलेले न्यायाधीश निवडून आलेल्या संसदेला कशाच्या जोरावर सांगणार की ही दुरुस्ती चालणार नाही? हा काय साधा आक्षेप आहे? बाबा हेच म्हणायचे, त्यांच्या भाषेत, म्हणजे "लोकांनी निवडून दिलंय ना, मग मधे हे काळे डगलेवाले कोण?"

निकाल लागला २४ एप्रिल १९७३ ला. सरन्यायाधीश सिक्री दुसऱ्या दिवशी निवृत्त होणार होते, त्यामुळे सगळं घाईत. ११ वेगवेगळी निकालपत्रं, शेकडो पानं, कोणाचं मत नेमकं कुठे पडलंय हे कळेना म्हणून एक सारांश तयार केला, त्यावर १३ पैकी ९ जणांनी सह्या केल्या, चौघांनी नाही. सात विरुद्ध सहा. मूलभूत चौकट टिकली ती एका मताने, आणि ते निर्णायक मत न्या. एच. आर. खन्नांचं.

आता खरी गंमत ऐका. खन्नांनी चौकट मान्य केली, संसद घटना बदलू शकते पण तिचा गाभा नष्ट करू शकत नाही म्हणाले, पण मालमत्तेचा हक्क काही त्या गाभ्यात येत नाही हे पण म्हणाले. म्हणजे ज्या हक्कासाठी स्वामी आले, संस्थानिक आले, बँकवाले आले, तोच बाहेर ठेवला. संसदेचा दुरुस्तीचा अधिकार पक्का करणारी २४वी दुरुस्ती वैध, केरळच्या जमीन कायद्यांना संरक्षण देणारी २९वी वैध, मालमत्ता ताब्यात घेण्याबद्दलच्या २५वीचा काही भाग तेवढा उडाला. स्वामींची जमीन काही परत आली नाही. पुढे १९७८ च्या ४४व्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतूनच काढून टाकला. अशील हरला आणि युक्तिवाद जिंकला. जे हत्यार शेठजींसाठी घडवलं ते शेठजींच्या काही कामाचं उरलं नाही, बाकी सगळ्यांच्या कामाला आलं.

सरकारने याला उत्तर दिलं ते लगेच. तीन ज्येष्ठ न्यायमूर्ती, शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर, यांना डावलून रे यांना सरन्यायाधीश केलं. तेच ते, बँक केसमधले एकटे. तिघांनी राजीनामे दिले.

मग येतं १९७५. १२ जूनला अलाहाबाद हायकोर्टाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली. सुप्रीम कोर्टात अपील, आणि त्यांचा वकील कोण? पालखीवाला! हो, ज्यांच्याशी सहा वर्षं भांडले त्याच बाईंचं ब्रीफ, म्हणजे वकीलपत्र, घेतलं. यावर तेव्हा बऱ्याच लोकांनी नाकं मुरडली असतील पण वकील म्हणून त्यात गैर काही नाही, कायद्याच्या मुद्द्यावर त्यांची बाजू लंगडी नव्हती. सुट्टीतले न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी २४ जूनला सशर्त स्थगिती दिली, पंतप्रधान राहा, सभागृहात बसा, पण खासदार म्हणून मत देता येणार नाही. २५ च्या रात्री आणीबाणी. पालखीवालांनी ब्रीफ परत केलं.

या कृतीवर मी बराच विचार केलाय कारण आमच्या धंद्यात ब्रीफ परत करणं, काम परत करणं, ही फार अवघड गोष्ट आहे. वाईट अशील सोडायला कारणं लागत नाहीत, फी थकली की झालं. पण देशाची पंतप्रधान, जिच्या हातात त्या रात्रीपासून सगळी सत्ता आलीये, जी विरोधकांना धडाधड आत टाकतेय, तिला कळवायचं की मी तुमची केस लढणार नाही. कसलंही भाषण नाही, फक्त कागद परत. त्यांच्या शेकडो केसेसपैकी एकच निवडायची असेल तर मी न लढलेली ही निवडेन.

नोव्हेंबर उजाडला. ७ नोव्हेंबरला निवडणुकीच्या अपिलाचा निकाल आला. बाई अपील जिंकल्या, पण पंतप्रधानांच्या निवडणुकीला कोर्टाच्या कक्षेबाहेर नेणारं ३९व्या दुरुस्तीतलं कलम कोर्टाने उडवलं, आणि उडवायला वापरलं काय तर तीच मूलभूत चौकट. म्हणजे ही चौकट पाडल्याशिवाय गत्यंतर नाही हे सरकारला आता स्वच्छ दिसलं. सरन्यायाधीश रे यांनी १० नोव्हेंबरला पुन्हा १३ न्यायाधीशांचं पीठ बसवलं, केशवानंदचा फेरविचार करायला. आदल्या दिवशी पालखीवालांनी इंदिराबाईंना पत्र लिहून विनंती केली होती की हे करू नका.

ते दोन दिवस डोळ्यांसमोर आणून बघा. आणीबाणी, पेपरवर सेन्सॉर, विरोधक तुरुंगात, आणि कोर्टात हा बारीक अंगाचा माणूस उभा राहून सरन्यायाधीशांना पहिलाच प्रश्न विचारतोय की फेरविचार मागितलाय कोणी? अर्ज कुठाय? रे म्हणाले तमिळनाडूने मागितलाय. तमिळनाडूचे ॲडव्होकेट जनरल गोविंद स्वामीनाथन तिथेच होते, त्यांनी उठून सांगितलं, आम्ही नाही मागितला. उलट आम्हाला तो निकाल हवाय. आख्ख्या कोर्टासमोर! मग पालखीवाला बोलत गेले, की सात-सहाचा असला तरी निकाल निकाल असतो, आणि देशात कोणाला मोकळेपणाने बोलता येत नसताना घटनेचा पाया उकरायला ही वेळ आहे का? खन्नांनी नंतर आत्मचरित्रात म्हटलंय की त्या दिवसांत वक्तृत्वाची जी उंची त्यांनी गाठली तिच्यावर त्या कोर्टात कोणी गेलेलं नाही. १२ तारखेला सकाळी रे आले आणि पीठ बरखास्त केल्याचं सांगून मोकळे झाले. लॉ रिपोर्टमध्ये त्या भाषणाचं काही नाही, जे आहे ते ऐकणाऱ्यांच्या आठवणीत.

तोतरेपणा असलेल्या मुलाने काढलेला उपाय कुठपर्यंत आला बघा.

बाबांना हे सगळं कळलं ते १९७७ नंतर, तोपर्यंत त्यांच्या युनियनमधले दोघं-तिघं जेलची हवा खाऊन आले होते, आणि "लोकांनी निवडून दिलंय ना" हे वाक्य ते जरा जपून वापरायला लागले होते. पालखीवालांबद्दल मत बदललं का? छे. "माणूस शेठजींचाच," म्हणाले, "पण बाईला घाबरला नाही." आमच्या घरात याच्या वर कौतुक कोणाचंच झालेलं नाही, माझं पण नाही.

बाकीचं भराभर सांगतो. आणीबाणीच्या आधी, १९७१-७२ मध्ये, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात पाकिस्तानविरुद्ध विमानांच्या वाहतुकीवरून जो वाद झाला त्यात ते भारताच्या बाजूने होते, तिथे आपण हरलो. १९७७ मध्ये जनता सरकारने त्यांना अमेरिकेत राजदूत केलं, आणि पंतप्रधान कोण, तर बार्न्स स्कूलवाले मोरारजीभाई! १९७९ ला परत आले. १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्सची केस, आणीबाणीतल्या ४२व्या दुरुस्तीने घटनादुरुस्तीला कोर्टात आव्हानच देता येणार नाही असं जे लिहून ठेवलं होतं ते उडालं. पुन्हा बघा, केस एका कापड गिरणीची.

मी त्यांना प्रत्यक्ष ऐकलं ते ब्रेबॉर्न स्टेडियमवर. बजेटवरचं त्यांचं भाषण १९५८ मध्ये ग्रीन्स हॉटेलच्या छोट्याशा हॉलमध्ये सुरू झालं होतं, मग गर्दी मावेना म्हणून जागा बदलत बदलत थेट क्रिकेटच्या मैदानावर. बजेट. करांचे दर. आणि त्यासाठी स्टेडियम! आमच्या ऑफिसातून साहेबांपासून आम्हा आर्टिकलपर्यंत सगळे निघालो, चर्चगेटपासून माणसांची रांग, त्यात वकील, सीए, दलाल हे तर होतेच, पण पिशवीत डबा ठेवलेले कारकून, पारशी म्हाताऱ्या, कॉलेजची पोरं. मला जागा मिळाली ती लांब, मंचावर एक पांढरा ठिपका दिसत होता तेवढाच. हातात कागद नाही. तासभर आकडे सांगत होते, कुठल्या वर्षी महसूल किती, कुठल्या कलमात कितव्यांदा बदल, आणि मी शेजारच्या सीएकडे बघतोय तर तो आपल्या बजेटच्या पुस्तिकेत बोट ठेवून आकडे ताडून बघतोय आणि मान हलवतोय. एकेकाळी आपल्याकडे उत्पन्नाच्या वरच्या थरावर सरचार्ज धरून ९७.७५ टक्के कर होता, १९७३-७४ ला, म्हणजे शंभरातले सव्वादोन रुपये घरी न्यायचे. अशा गोष्टींवर ते तुटून पडायचे पण आवाज चढवून नाही. विनोद कोरडा, वाक्य मोजून मापून, आणि कायदा सारखा सारखा बदलणं हा प्रामाणिक माणसाला दंड आहे हा त्यांचा लाडका राग. खाली उतरताना एक कारकूनसाहेब आपल्या मित्राला सांगत होते, "अर्धं समजलं नाही रे, पण मस्त वाटलं." हे व्याख्यान १९९४ पर्यंत चाललं.

आता न पचणारं पण लिहितो, कारण नुसती आरती करायची असेल तर त्यांच्या नावाची पोस्टाची तिकिटं २००४ मध्ये निघालीच आहेत. मंडल केसमध्ये, म्हणजे इंद्रा साहनी, ते आरक्षणाच्या विरोधात उभे राहिले. निकाल १९९२, सहा विरुद्ध तीन, ओबीसींचं २७ टक्के आरक्षण टिकलं. समतेवरचं त्यांचं बोलणं ऐकताना वाटतं की हा माणूस सरकारच्या अन्यायाला लांबून ओळखतो, पण समाजाने शेकडो वर्षं केलेला अन्याय त्याच्या चष्म्यातून तेवढा ठळक दिसत नाही. ज्याच्या आजोबाला शाळेच्या फाटकातून आतच घेतलं नाही त्याला गुणवत्तेचं भाषण कसं लागत असेल? देवळालीच्या फाटकावर हा प्रश्न ज्याला बरोबर दिसला त्याला इथे का नाही दिसला? बाबांनी इथे मला बरोब्बर पकडलं असतं. शिवाय तो पैसा, तो टाटांचा वावर, मरीन ड्राइव्हचं घर, या सगळ्यातून जगाकडे बघितलं की काही गोष्टी लहान दिसतात. पण त्याच माणसाने चेन्नईच्या शंकर नेत्रालयाला २ कोटींचा चेक देऊन टाकला हे पण खरं. माणूस एका खान्यात बसत नाही, नाही बसत तर नाही.

शेवटची काही वर्षं आजारपणात गेली. पत्नी नर्गेश २००० मध्ये गेल्या, ते ११ डिसेंबर २००२ ला.

सीरवाईंचं राहिलं. केशवानंदमध्ये हरल्यावर त्यांनी आपल्या घटनेवरच्या प्रचंड ग्रंथात बहुमताच्या निकालावर सडकून टीका केली होती, आणि सीरवाईंची टीका म्हणजे न्यायाधीश सुद्धा बिचकून वाचायचे. मग आणीबाणी आली, ३९वी दुरुस्ती, ४२वी दुरुस्ती, सगळं त्यांनी बघितलं. आणि ऐंशीच्या दशकात त्याच ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत त्यांनी मत बदलून टाकलं, मूलभूत चौकटीचा सिद्धांत योग्य आहे म्हणून. ज्याच्याविरुद्ध ते आपल्या उमेदीच्या वर्षांतली सगळी विद्वत्ता पणाला लावून लढले तोच मुद्दा, त्यांनी स्वतः होऊन, छापून. कोणी नोटीस काढली नव्हती. आमच्याकडे तर रिटर्नमधली चूक ढळढळीत दिसत असली तरी लोक म्हणतात, थांबा हो, आधी डिपार्टमेंटचं पत्र तर येऊ दे.